गुरुजी, यंत्र आणि कचेरी

माढा तालुक्यातील परितेवाडी हे गाव सोलापूर जिल्ह्याच्या नकाशावर शोधावयाचे तरी सवयीची नजर हवी. परंतु ३ डिसेंबर २०२० रोजी तेथील जिल्हा परिषद प्राथमिक शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना वार्की फाउंडेशनचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार जाहीर झाला आणि तालुक्याच्या कचेरीबाहेर ज्या गावाचा उल्लेख क्वचितच होत असे त्याचे नाव लंडनच्या समारंभात उच्चारले गेले. पुरस्काराची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे डिसले यांनी लगोलग सांगितले. या दोन्ही गोष्टींचे कौतुक झाले ते यथायोग्यच होते. मात्र त्या कौतुकाच्या भरात एक समज रूढ होऊन बसला, तो असा की गुरुजींनी मोबाईल हाती घेतला आणि शाळा सुधारली. आणि या समजापायी गेल्या काही वर्षांत शाळांच्या माथी जे जे मारण्यात आले, ते पाहता त्याची चिकित्सा करणे अगत्याचे वाटते.

डिसले हे अभियांत्रिकीचे शिक्षण अर्ध्यावर सोडून, वडिलांच्या सूचनेवरून, अध्यापक विद्यालयात गेलेले गृहस्थ. २००९ मध्ये ते परितेवाडीस रुजू झाले तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली, आणि तिच्या शेजारी गुरांचा गोठा. अशा ठिकाणी त्यांनी जे केले ते वर्णनास अगदी साधे आहे: पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोडची एक लहानशी चौकट डकविली, त्या चौकटीवर मोबाईलचा कॅमेरा धरला की कवितेची चाल ऐकू येई, धड्याची चित्रफीत दिसे, गोष्ट उलगडे. पुढे २०१७ मध्ये राज्यशासनाने सर्व इयत्तांच्या पुस्तकांसाठी ही कल्पना स्वीकारली आणि तिचे अनुकरण पुढच्याच वर्षी एन.सी.ई.आर.टी.ने केले.

या युक्तीत तंत्र थोडे आणि अध्यापनाची जाण फार, हे मर्म सहसा ध्यानात घेतले जात नाही. पुस्तक मुलाच्या दप्तरात आधीपासूनच होते, त्याची सवय घरातील आजीलाही होती, आणि ज्याच्या घरी मोबाईल नाही त्याचे पान काही कोरे होत नव्हते. कोणत्या मुलाचे वाचन कोठे अडते, कोणत्या धड्यावर त्याचे डोळे मिटू लागतात, हे ज्याने वर्गात उभे राहून वर्षानुवर्षे पाहिले आहे, त्यालाच ही चौकट नेमकी कोणत्या ओळीशेजारी डकवावी हे कळते. यंत्र बनविणाऱ्यास ते कळत नाही, आणि खरेदीचा आदेश काढणाऱ्यास तर त्याहून कळत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या मानकांप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. म्हणजे वाडीवस्तीवरील शाळेत दोन माणसांनी चार किंवा पाच इयत्ता सांभाळावयाच्या; पहिलीला अक्षर गिरवून घ्यावे तोवर दुसरीचा गलका, आणि दुसरीची वजाबाकी तपासावी तोवर पहिलीची पाटी पुसलेली. अशा वर्गात एका कोपऱ्यातील मुले टॅबवर कविता ऐकत बसली आणि तेवढ्या अवधीत गुरुजींना दुसऱ्या कोपऱ्यातल्या, अद्याप जोडाक्षर न येणाऱ्या मुलाशेजारी मांडी घालून बसता आले, तर ते यंत्र सत्कारणी लागले असे मी निःशंकपणे म्हणेन. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमेवर घरी कन्नड बोलणारी, आणि सोलापूर शहराच्या पूर्वभागात घरी तेलुगू बोलणारी मुले मराठी शाळेत येतात. त्यांच्या कानांवर मराठीचा शुद्ध उच्चार पुनःपुन्हा पडावा यासाठीही ध्वनिफितीइतके सोयीचे साधन दुसरे नाही. यंत्रद्वेष्ट्यांच्या पंक्तीत मला कोणी बसवू नये म्हणून हे मुद्दाम विस्ताराने लिहिले.

तथापि, साधनाची निवड परिस्थिती पाहून करावी लागते, याचा उत्तम दाखला सोलापूर शहरातील नीलमनगर या वस्तीने घालून दिला आहे. २०२० मध्ये महामारीने शाळा बंद पडल्या आणि शिक्षण मोबाईलवर गेले. पण यंत्रमागावर आणि विड्यांच्या कामावर पोट असणाऱ्या त्या वस्तीत मोबाईल असला तर एक, आणि तोही बाप कामावर घेऊन जाणार. तेव्हा आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी पाठ्यपुस्तकातील धडे, पाढे, आकृत्या घरांच्या बाहेरील भिंतींवर रंगवून घेतल्या, आणि मुले गल्लीतून अंतर राखून चालता चालता वाचू लागली. भिंत आणि रंग यांना कोणी तंत्रज्ञान म्हणणार नाही, म्हणून त्यांना दहा लाख डॉलर मिळाले नाहीत. परंतु परितेवाडीच्या चौकटीमागची बुद्धी आणि नीलमनगरच्या भिंतीमागची बुद्धी एकाच जातीची आहे असे मी समजतो.

आता या चित्राची दुसरी बाजू. आजच्या प्राथमिक शाळेत यंत्र येते ते मुलांपुढे येण्यापूर्वी कचेरीच्या कामासाठी. विद्यार्थ्यांची माहिती शासनाच्या ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीत भरावयाची, प्रत्येकाचे आधार जुळवावयाचे (कारण संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे, त्यावर अवलंबून), पोषण आहाराचा दैनिक आकडा ॲपवर टाकावयाचा, उपक्रमाची छायाचित्रे गटावर पाठवावयाची, आणि यांपैकी काही दुपारी बारापर्यंत न पोहोचल्यास तगाद्याला उत्तर द्यावयाचे. पूर्वी शिरस्तेदार महिन्याकाठी तक्ता मागवीत असे, आता तोच तक्ता दिवसाकाठी मागविला जातो. आणि ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हे बिरूद ज्याला मोठ्या गौरवाने दिले जाते, त्याच्या नशिबी बहुधा शेजारच्या तीन शाळांचीही माहिती भरून देणे येते! मूल वाचू लागले की नाही, या रकान्यापेक्षा छायाचित्र आले की नाही, हा रकाना महत्त्वाचा ठरू लागला आहे.

खुद्द डिसले यांच्या वाट्यालाही कचेरी आलीच. फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी परदेशी जाण्याच्या रजेवरून २०२२ मध्ये जो वाद झाला त्यात कोणाचे किती खरे, याचा निवाडा करणे येथे प्रयोजनाचे नाही; एवढेच नोंदवावेसे वाटते की साऱ्या जगाने गौरविलेला शिक्षक रजेच्या कोणत्या सदरात बसवावा, हे आपल्या नियमावलीला चटकन सांगता आले नाही.

आज डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला प्रवेश घेऊ पाहणाऱ्या तरुणाने हे सारे डोळ्यांपुढे ठेवावे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून तयार व्हावा आणि त्याचे वेतन दरमहा बारा रुपयांहून कमी नसावे, असे आग्रहाने मांडले होते. मुलांत मिसळणारा आणि नांगर धरण्याची लाज न वाटणारा शिक्षक त्यांना हवा होता. त्यानंतर इतकी दशके लोटली, तरी नव्या शिक्षकास प्रथम तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर राहावे लागते. ते मानधनही दीर्घकाळ सहा हजारांवर होते, २०२३ च्या जानेवारीत सोळा हजार झाले. टीईटी ही पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरील प्रतीक्षा अशी ही वाट आहे. ती चालून जो वर्गात पोहोचतो त्याला यंत्र वापरता येते की नाही, ही चिंता करण्याचे कारण नाही. या पिढीला ते येतेच. ते केव्हा खाली ठेवावे याचा विवेक अध्यापक विद्यालयांनी शिकवावा, आणि तो सराव पाठांच्या वेळी, खऱ्या वर्गात, अनुभवी शिक्षकाच्या नजरेखाली शिकवावा.

जिल्हा परिषदेकडे मागणे फार नाही. प्रत्येक केंद्रशाळेवर एक लेखनिक नेमावा आणि त्या केंद्रातील सर्व शाळांची ऑनलाइन माहिती भरण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे; शाळांचे वीजबिल परस्पर भरण्याची तजवीज करावी, कारण पुरवठा तोडलेल्या शाळेत डिजिटल फलकावर धूळ साचण्यापलीकडे काही घडत नाही; आणि कोणतेही साधन खरेदी करण्यापूर्वी ते वापरणाऱ्या शिक्षकांचा लेखी अभिप्राय मागवावा. लेखनिकांच्या वेतनास पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न वित्त विभाग विचारीलच. न उघडलेल्या टॅबच्या पेट्या ज्या ज्या कपाटांत पडून आहेत त्यांची मोजदाद विभागाने आधी करावी. उत्तराचा निदान एक भाग तेथे सापडेल.