घरांतील राऊटर आणि त्याची किल्ली

आजकाल आमच्या खेड्यापाड्यांतून विजेच्या खांबांवरून एक काळी बारीक तार घरोघर आलेली दिसते, व तिच्या टोकास भिंतीवर एक लहानशी पेटी लुकलुकत असते. या तारेच्या पोटांत तांबें नसून केसासारखी बारीक कांच असते, आणि तींतून वीज न जातां प्रकाश जातो. ग्रामपंचायतींपर्यंत अशी तार नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली. पुढें तिलाच भारतनेट हें नांव मिळालें. खासगी पुरवठादारांच्या ताराही आल्या. आतां सातबारा, पीकविम्याचा अर्ज, बाजारभाव, मुलांचा अभ्यास, हें सारें त्या पेटीवर येऊन ठेपलें आहे. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळूं लागला. ज्यानें उमेदीचीं वर्षें तहसील कचेरींत नकलांचे अर्ज निकालांत काढण्यांत घालविलीं, त्या माझ्यासारख्या मराठी सातवी शिकलेल्या कारकुनास हें किती नवलाचें वाटत असेल, याची वाचकांनींच कल्पना करावी.

परंतु इतक्या महत्त्वाची ही पेटी आपल्या घरांत बसते कशी, तें पाहावें. भर दुपारीं पुरवठादाराचा मुलगा येतो. त्यास त्या दिवशीं आणखी चार घरें गांठावयाचीं असतात. तार जेथून आंत येते तेथेंच तो दोन खिळे ठोकतो, पेटी अडकवितो, घरधन्याचा मोबाईल क्रमांक हाच पासवर्ड म्हणून घालतो, आणि चहा घेऊन निघून जातो. घरचा कर्ता, जो एक बैल घेतांना चार बाजार पालथे घालतो व विहिरीची जागा ठरविण्यास पाणाड्या आणतो, तो या वेळीं ओट्यावर बसून केवळ पाहत असतो. माझें स्पष्ट मत असें आहे कीं, पेटी कोठें बसावी व तिची किल्ली कोणाजवळ असावी, या दोन गोष्टी घरच्या कर्त्यानें स्वतः ठरवाव्या. येणाऱ्याच्या सोयीवर त्या सोडूं नयेत. हें मत मीं पुस्तकांतून घेतलेलें नाहीं; ठेंच लागून घेतलें आहे.

आमचें घर आजोबांच्या वेळचें. दगडमातीच्या दोन फूट रुंद भिंती. पेटी लागली ती ओसरीच्या कोपऱ्यांत, लोखंडी कपाटाच्या आड. परिणाम असा झाला कीं, रस्त्यावरून जाणाऱ्यास आमचें वायफाय उत्तम मिळे, आणि सुनेस मात्र माजघरांतून उठून फोन हातांत धरून दाराशीं उभें राहावें लागे. दोन महिने आम्हीं पुरवठादारास दोष दिला. शेवटीं मीं मोजणीदारासारखी वही घेतली, प्रत्येक खोलींत उभा राहिलों व फोनवर किती रेघा येतात त्याची नोंद केली. ओसरींत चार, माजघरांत एक, माडीवर एक, स्वयंपाकघरांत शून्य. हा तक्ता समोर आल्यावर दोष तारेचा नसून जागेचा आहे, हें दिसण्यास विलंब लागला नाहीं.

या बिनतारी लहरींस धातु परतवून लावतो व पाणी शोषून घेतें, एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ झालें. पत्र्याची कोठी, लोखंडी कपाट, फ्रिज, पाण्याचा पिंप, ओलसर धान्याच्या पोत्यांची थप्पी, यांच्या आड पेटी ठेवणें म्हणजे कंदील लावून त्यावर घमेलें पालथें घालणें होय. शिवाय लहरी दोन जातींच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर दूर जाते व जाड भिंतींतून त्यांतल्या त्यांत बरी उतरते, पण तिचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झची वेगवान खरी, परंतु आमच्या जुन्या भिंतीपलीकडे तिचा दम सुटतो. म्हणून जुन्या वाड्यांतल्या लोकांनीं पहिलीवरच भिस्त ठेवावी, आणि पेटी ज्या खोलींत असेल तेथें दुसरी वापरावी. २.४ च्या पट्ट्यांत शेजाऱ्यांच्या पेट्यांची गर्दी असेल तर १, ६ व ११ या वाटांपैकीं जी मोकळी असेल ती निवडावी, कारण या तीन वाटा एकमेकींवर चढत नाहींत. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यांत काम करते. ती ज्यांच्या घरीं आहे त्यांनीं पेटी तिच्यापासून लांब ठेवावी.

आम्हीं पेटी माजघरांत, घराच्या मध्यावर, तुळईच्या जरा खालीं नेली. अँटेना उभ्या ठेवल्या, कारण उभ्या अँटेनेची लहर आडवी पसरते. माडीसाठीं त्यांतील एक थोडी तिरपी केली. यासाठीं तार वाढवून घ्यावी लागली व त्याचे पैसे वेगळे पडले. पहिल्याच दिवशीं चार वांव तार जास्त सोडावयास सांगितलें असतें तर ते वांचले असते. कांचेची तार असल्यामुळें ती दाराच्या चौकटींत चेंगरूं नये किंवा काटकोनांत वाकवूं नये. प्रकाश तेथेंच गळतो आणि पेटीवर एल.ओ.एस. लिहिलेला तांबडा दिवा लागतो. नव्या जागीं मोजणी पुन्हां केली: माजघरांत चार, बाकी सर्वत्र तीन. पैसा खर्च झाला तो तारेपुरता. पेटी तीच, पुरवठादार तोच. गोठ्यापर्यंत न्यावयाचें असल्यास पेटीपासून नेटवर्कची तांब्याची केबल न्यावी. ती १०० मीटरपर्यंत चालते, व तिच्या टोकास दुसरी लहान पेटी लावतां येते.

विजेविषयीं दोनच गोष्टी. आपल्या पेटीपासून पुरवठादाराच्या केंद्रापर्यंतच्या कांचेच्या वाटेंत बहुधा कोठेंही वीज लागत नाहीं. सबब पेटीस बारा व्होल्टची लहान बॅटरी जोडल्यास भारनियमनांतही काम चालूं राहतें. मात्र वळवाच्या पावसांत गडगडाट सुरू होतांच पेटीचा प्लग भिंतींतून काढावा. कांचेंतून वीज येत नसली तरी घरच्या वायरींतून येते.

आतां किल्लीची गोष्ट. ती सांगतांना मला लाज वाटते, तरी सांगतों.

पासवर्ड म्हणून माझा मोबाईल क्रमांक घातलेला होता, आणि माझा क्रमांक साऱ्या गांवास पाठ. आळींतील पोरें संध्याकाळीं आमच्या कट्ट्यावर जमूं लागलीं. मला वाटे, आपल्या घराशीं चार पोरें बसतात, बरेंच आहे. पुढें खरिपाच्या पीकविम्याची मुदत संपण्याचा दिवस उजाडला. आमची एक शेजारीण, नवरा वारलेला, अडीच एकर कोरडवाहू, केंद्रावरील रांगेंतून परत आली व रात्रीं आठ वाजतां कागद घेऊन माझ्याकडे आली. "अण्णा, तेवढा अर्ज भरून द्या," म्हणाली. मीं बसलों. पान उघडेना, उघडलें तर पुढें सरकेना. साडेअकरापर्यंत मी त्या चक्राकडे पाहत होतों, आणि बाहेर कट्ट्यावरून क्रिकेटच्या सामन्याचा आवाज येत होता. अर्ज गेला नाहीं. त्या वर्षीं सप्टेंबरांत पाऊस लागून राहिला आणि तिचें सोयाबीन शेंगेंतच उगवलें.

शेवटच्या दिवशीं त्या संकेतस्थळावरही गर्दी असणार, हें मला समजतें. परंतु पुढील आठवड्यांत भाच्याच्या मदतीनें पेटीचें पान उघडून पाहिलें तेव्हां तींत एकोणीस उपकरणें जोडलेलीं निघालीं. आमच्या घरचीं पांच. कचेरींत दप्तराची किल्ली ज्याच्या हवालीं असे, त्याचेवर जबाबदारी असे. येथें किल्ली मीं वेशीवर टांगली होती.

हें पान उघडणें मुळींच अवघड नाहीं. वायफायला जोडलेल्या फोनवर ब्राउझरमध्यें १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हे आंकडे लिहावे; नेमका पत्ता पेटीच्या बुडाशीं चिकटविलेल्या चिठ्ठीवर असतो. येथें दोन पासवर्ड असतात व लोक त्यांची गल्लत करतात. एक वायफाय वापरण्याचा. दुसरा खुद्द पेटीचा, ज्यानें सर्व व्यवस्था बदलतां येते. हा दुसरा बहुतेक घरांत कारखान्यांतून आला तसाच पडून असतो. २०१६ सालीं मिराय नांवाच्या एका घातक प्रोग्रॅमनें असेच कारखानी पासवर्ड, साठाच्या आसपास, एकामागून एक लावून पाहिले, जगभरचे असंख्य कॅमेरे व राऊटर ताब्यांत घेतले, आणि त्यांच्या जोरावर ऑक्टोबरांत अमेरिकेंतील मोठमोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पाडलीं. तेव्हां दोन्ही बदलावे. संरक्षणाच्या रकान्यांत डब्ल्यूपीए-३ असल्यास तें, नसल्यास डब्ल्यूपीए-२ निवडावें; डब्ल्यूईपी हें जुनें कुलूप निकामी असल्याचें २००१ सालींच उघड झालें आहे. डब्ल्यूपीएस हें बटनाचें दार बंद ठेवावें. पासवर्ड लांब असावा, पण घरच्या म्हातारीसही सांगतां यावा. तीन-चार असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहिले कीं काम होतें. मग तो, पेटीचा पत्ता, ग्राहक क्रमांक व तक्रारीचा फोन हें सर्व वहींत नोंदवून वही सातबाऱ्याच्या फायलींत ठेवावी. पुण्यास राहणाऱ्या भाच्याच्या डोक्यांत ठेवूं नये.

यावर आमच्या पारावर एक आक्षेप निघाला, व तो मला पोकळ वाटत नाहीं. "शेजाऱ्यास पाणी नाहीं म्हणण्याची आपली रीत नव्हे, मग हें कां नाकारावें?" असें एका वृद्ध गृहस्थांनीं विचारलें. मीं त्यांस म्हटलें, पाणपोई जरूर घालावी, पण घरांतला रांजण रस्त्यावर मांडूं नये. शिवाय कोणा अनोळख्यानें माझ्या जोडणीवरून कांहीं भलतें केलें, तर पोलीस प्रथम माझ्या दारीं येणार, कारण जोडणी माझ्या नांवें आहे. पाणपोईची सोय पुष्कळशा पेट्यांत केलेलीच असते. तिला गेस्ट नेटवर्क म्हणतात. तिचें नांव वेगळें, पासवर्ड वेगळा, पाहुण्याचा फोन आपल्या घरच्या उपकरणांपर्यंत पोंचत नाहीं, आणि कांहीं पेट्यांत तिच्या वेगास मर्यादाही घालतां येते. मीं ती सुरू केली, चिठ्ठी ओसरीच्या खांबास लाविली, रात्रीं दहानंतर बंद होईल असें ठरविलें. चार दिवस पोरें रुसलीं. मग पुन्हां येऊन बसलीं.

शेजारणीनें त्या रात्रीविषयीं मला एक शब्दही बोलून दाखविला नाहीं. पुढच्या खरिपास मीं मुदतीच्या तीन आठवडे आधीं तिच्या घरीं जाऊन कागद मागितले. अर्ज माजघरांत बसून बारा मिनिटांत गेला, व पावतीची एक प्रत मीं माझ्या वहींत लावून ठेविली आहे.