जरा तोंड उघडा!

दिवाळीत मोरगावला गेलो होतो. सकाळी आजी ओसरीवर बसून मिश्री लावत होती. तव्यावर तंबाखू जाळायची, तिची काळी पूड करायची आणि बोटाने हिरड्यांना घासायची. हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. मी म्हटलं, "आजी, सोड हे, कॅन्सर होतो." ती म्हणाली, "कशानं हुतो ते सांग, मग सोडते."

झाली का पंचाईत! मायटॉसिसच्या सगळ्या पायऱ्या पाठ केल्या होत्या, पण इंग्रजीत. मराठीत जमलं ते असं.

तोंडाचं आतलं अस्तर सारखं झिजतं आणि खालच्या पेशी विभागून ते नवं करतात. एका पेशीच्या दोन होताना डीएनएची सुमारे 600 कोटी अक्षरं उतरवून काढावी लागतात. चुका होणारच! म्हणून वाटेत तपासणीनाके असतात. यीस्टवर काम करून ही कल्पना मांडणाऱ्या लेलँड हार्टवेल यांना 2001 चं नोबेल (दोघांसोबत वाटून) मिळालं. पी-53 नावाचं प्रथिन तर आपल्या वर्कशॉपच्या सरांपेक्षा कडक. खराबी दिसली की काम थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, नाहीच जमलं तर पेशीला मरायला लावतं. पण हे प्रथिन कसं बनवायचं तेही डीएनएतच लिहिलेलं. तंबाखूतल्या रसायनांनी नेमकं तेच पान खराब केलं तर? माणसाच्या साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये हे जनुक बिघडलेलं सापडतं. अशा चार-सहा चुका एकाच पेशीत साठायला वर्षं लागतात. म्हणूनच विशीत "मला कुठं काय झालंय?" म्हणता येतं.

आता आपल्या हॉस्टेलबद्दल. जुलै 2012 मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली. मग पान मसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, आणि मिसळायचं काम गिऱ्हाइकाचं! सबमिशनच्या रात्री आमच्या मजल्यावर हेच चालतं. "मी नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्यांनीही ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2004 मध्ये नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरकारक ठरवली. सुपारीने गाल आतून आखडतात, तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत. वाचतावाचता करून बघा.

रेक्टर सर पुड्या सापडल्या की दंड करतात. माझ्या मते त्याने पुडी फक्त गादीखालून बुटात जाते. वार्षिक तपासणीत वजन, उंची, डोळे सगळं बघतात, पण तोंड उघडायला कोणी सांगत नाही. एक डेंटिस्ट आणि एक टॉर्च एवढाच खर्च. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम वेळेत सापडली तर उपचार सोपे असतात. दंडाच्या पैशांतून हे सहज होईल.

असो. सगळं ऐकून आजी म्हणाली, "मग बघ की माझं तोंड." मोबाइलच्या उजेडात बघितलं. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा होता. बारामतीला नेलं, तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही. दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलंय. मिश्रीचा डबा मात्र अजून कोनाड्यातच आहे.