एका घरातील दुसरी बहीण

जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या खर्चाविषयी पुष्कळ वाद झाला. परंतु तिच्यातील एका अटीची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असलेल्या, २१ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांना दरमहा १५०० रुपये देणारी ही योजना. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता व निराधार अशा सर्व स्त्रियांचा तीत समावेश आहे. अविवाहित स्त्रियांना मात्र नियम निराळा : एका कुटुंबातील केवळ एकच पात्र!

या नियमाचा व्यवहारात अर्थ काय होतो? एका घरात दोन अविवाहित बहिणी आहेत. एक शिवणकाम करते, दुसरी दुकानात राबते; दोघींची कमाई सारखीच तुटपुंजी. तरीही साहाय्य मिळावयाचे ते एकीलाच. दुसरीने विवाह केला, की नव्या कुटुंबाची गृहिणी म्हणून तीही पात्र ठरू शकते. दारिद्र्य तेच, श्रम तेच. बदलते ती केवळ वैवाहिक स्थिती. शिवाय, कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले, अशी योजनेची व्याख्या असल्यामुळे चाळिशी उलटलेली कष्टकरी स्त्रीसुद्धा आईबापांच्याच उत्पन्नाने मोजली जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हाही पती किंवा पिता यांच्या आधार क्रमांकाची पडताळणी मागण्यात आली. स्त्री ही कोणाची तरी पत्नी अथवा कन्या असावयाचीच, हे गृहीतच या साऱ्याच्या मुळाशी आहे.

तिजोरीवरील भाराची सबब आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु काटकसर करावयाची तर ती उत्पन्नाच्या निकषावर करावी. एकटेपणाचा दंड आकारून नव्हे. याच महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस, ती विवाहित की अविवाहित हे न विचारता, काम मागण्याचा हक्क दिला होता. कुटुंब नव्हे, तर व्यक्ती हाच त्या हक्काचा आधार होता. तेच तत्त्व येथे लागू करण्यास अडचण कोणती?

बहीण म्हणून हाक मारावयाची आणि एका घरातील दुसऱ्या बहिणीला दारातूनच परत पाठवावयाचे, हे त्या नात्याला शोभणारे नाही. सरकारने ही अट विनाविलंब रद्द करावी.