सिंकखालचा हिशेब

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि तळमजल्यावरच्या घरांत शिरले. ओसरल्यावर रस्त्याकडेला भिजलेल्या सामानाचे ढीग लागले. गाद्या, फ्रिज, दुकानांतला माल, घराघरांतले फर्निचर. आपल्या धंद्यातल्या माणसांनी त्या ढिगांतल्या लाकडी सामानाकडे जरा निरखून पाहायला हवे होते. पार्टिकल बोर्ड पाण्यात फुगतो, स्क्रू सोडतो आणि वाळल्यावरही मूळ मापाला येत नाही. कडाप्प्याच्या उभ्या फळ्या, ग्रॅनाइटचा ओटा आणि चांगल्या स्टीलच्या ट्रॉल्या मात्र चिखल धुऊन पुन्हा वापरता येतात. महापूर रोज येत नाही हे खरे. पण सिंकखालच्या कपाटात एक लहानसा पूर बारा महिने चालूच असतो. वॉशर झिजतो, ट्रॅपची आटी सैल होते, थेंब पडत राहतात आणि कपाटाचा तळ फुगल्याशिवाय कोणी वाकून बघत नाही. त्यात आपला रत्नागिरीचा पावसाळा. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

हा अंक स्वयंपाकघराचा आहे. ग्राहक आपल्याकडे येतो तेव्हा फोनमध्ये एक चित्र घेऊन येतो. पांढरी शटर, सोनेरी मुठी, मध्ये बेट. सोबत त्याच्या तीन मागण्या असतात: दिसायला देखणे हवे, वापरायला सोयीचे हवे, बजेटात बसायला हवे. आपण मान डोलावतो आणि तिन्हींचा समतोल साधू म्हणतो. प्रत्यक्षात काय होते ते आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. पैसा आधी शटरवर जातो, कारण ते दिसते. आकडा हाताबाहेर गेला की कात्री लागते ती न दिसणाऱ्या जागी. सांगाड्याचे प्लाय उतरते, मागची फळी सहा मिलिमीटरची होते, बिजागऱ्या साध्या येतात, आतली कड नुसती रंगवून सोडली जाते. पुण्यात ही कात्री काही वर्षे लपून राहते. इथे ती दुसऱ्या पावसाळ्यात उघडी पडते.

म्हणून आमचे म्हणणे असे की रत्नागिरीत या तीन मागण्यांना एकाच मापाने तोलू नये. जिथे पाणी, वाफ आणि खारा वारा पोचतो तिथे काटकसर नाही. जिथे नुसती नजर पोचते तिथे हवी तेवढी करावी. हा क्रम अंदाजपत्रकात दिसला पाहिजे, ग्राहकाला सही करण्याआधी वाचता आला पाहिजे.

प्लायवुडपासूनच सुरुवात करू. ‘वॉटरप्रूफ प्लाय’ हे शब्द अंदाजपत्रकात लिहिणे आता बंद करावे, कारण त्यांना काहीच अर्थ नाही. आयएस ७१० लिहावे. या मानकातल्या प्लायच्या डिंकाला ७२ तास उकळत्या पाण्याची परीक्षा द्यावी लागते. पाटीवर आयएसआयचा शिक्का असतो, त्याखाली परवाना क्रमांक असतो आणि तो बीआयएस केअर ॲपवर ग्राहकासमोर तपासता येतो. मात्र अख्खे स्वयंपाकघर ७१० मध्ये करायचा आग्रह धरणारा डिझायनरही आम्हाला पटत नाही. सिंकखाली, त्याच्या शेजारच्या खणाला आणि जमिनीलगतच्या सगळ्या तळांना ते द्यावे. भिंतीवरच्या कोरड्या कपाटांना आयएस ३०३ मधले ओलावा सोसणारे प्लाय पुरते. वाचलेले पैसे कडेच्या पट्टीवर घालावेत, कारण प्लाय पृष्ठभागातून सहसा मरत नाही, कडेतून मरते. सगळ्यात वाईट कड कोणती? सगळे काम झाल्यावर प्लंबर येऊन पाइपसाठी जे भोक पाडतो ती. कारखान्यात दोन मिलिमीटरची पट्टी नीट चिकटवलेल्या फळीला साइटवर होल-सॉने भोक पडते आणि ते तसेच उघडे राहते. एक सिलिकॉनची नळी आणि पाच मिनिटे, एवढाच त्याचा खर्च. तरीही ते राहून जाते, कारण ते सुताराचे काम की प्लंबरचे, हे कोणी ठरवलेलेच नसते. ते अंदाजपत्रकात एकाच्या नावावर टाका.

जांभ्याच्या भिंतींबद्दलही बोलले पाहिजे. जांभा सच्छिद्र आहे, पश्चिमेची भिंत आषाढात पाणी पिते. तिला कपाटाची पाठ चिकटवून बसवली की मागे बुरशी आणि पाठोपाठ वाळवी येते. मागे अर्धा-पाऊण इंच फट सोडावी, सांगाडा पीव्हीसीच्या पायांवर जमिनीपासून चार इंच उचलावा, खालची पट्टी काढता येईल अशी ठेवावी. फटीमुळे कपाटाची खोली कमी होते अशी तक्रार येईल. येऊ द्या.

स्टीलच्या बाबतीत तर आपल्या बाजारात राजरोस फसवणूक चालते. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चुंबक चिकटत नाही, म्हणजे माल ‘३०४’ असे सांगतो. २०२ लाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि मँगॅनीज जास्त असते, किंमत कमी असते आणि समुद्राच्या हवेत त्यावर तपकिरी ठिपके लवकर येतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. बिलावर ग्रेड लिहून घ्या, शंका असेल तर तपासणीचे रासायनिक थेंब मिळतात ते वापरा. मांडवी, भाट्ये, मिऱ्या, काळबादेवी अशा अगदी किनाऱ्यालगतच्या घरांत निदान सिंक आणि उघड्यावरच्या मुठींसाठी ३१६ सुचवायला हरकत नाही. त्यातले मॉलिब्डेनम मिठाशी अधिक काळ टक्कर देते. आणि निकेलचा मुलामा दिलेल्या साध्या पोलादी बिजागऱ्या, मग त्या कितीही नामांकित कंपनीच्या असोत, या पट्ट्यात वापरू नयेत. सॉफ्ट-क्लोज ही चैन आहे, न गंजणे ही गरज आहे. ग्राहकाला एकच परवडत असेल तर कोणते, हे त्याला आपणच सांगायचे.

आता थोडे कडाप्प्याच्या बाजूने. कडाप्प्याच्या उभ्या फळ्या, वर ग्रॅनाइट, आत तारेच्या ट्रॉल्या आणि पुढे शटर ही महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची जुनी रचना. मॉड्युलर आल्यापासून तिच्याकडे नाक मुरडले जाते. किनारपट्टीवर तिला तोड नाही असे आमचे स्पष्ट मत आहे. ती फुगत नाही, तिला वाळवी लागत नाही, घर धुतले तरी तिला काही होत नाही. तिचे दोष कारागिरीचे आहेत. फळ्या ओळंब्यात नसल्या की ट्रॉली घासते, सांधे नीट भरले नाहीत की झुरळे नांदतात. गवंडी आणि ट्रॉलीवाला एकमेकांना भेटत नाहीत, म्हणून हे घडते. ट्रॉलीचे माप आधी ठरवून गवंड्याच्या हाती दिले तर पुढच्या शटरला ग्राहकाच्या फोनमधले रूप बिनदिक्कत देता येते. बाहेरून कोणाला फरक कळत नाही आणि रूपाचा कंटाळा आला तर दहा वर्षांनी फक्त शटर बदलतात.

ओट्यावर मात्र कडाप्पा नको. तो चुनखडीचा दगड आहे, कोटाही तसाच, संगमरवर त्यांचाच भाऊबंद. कोकमाचे आगळ, लिंबू, चिंच पडली की त्यांची झिलई जाते, आणि रत्नागिरीच्या ओट्यावर आगळ पडणार नाही असा दिवस क्वचितच. ग्रॅनाइट आम्लाला दाद देत नाही. कृत्रिम क्वार्ट्झही डाग धरत नाही, पण त्यात राळ असते. मासे तळून उतरलेली कढई त्यावर थेट टेकवली की पृष्ठभाग करपतो. किंमत ग्रॅनाइटपेक्षा जास्त, सहनशीलता कमी. ज्याला ते पांढरे रूप हवेच आहे त्याने गॅसच्या दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचा तुकडा बसवून घ्यावा.

सोयीच्या प्रश्नावर आपल्या पाठ्यपुस्तकांत एक त्रिकोण असतो: शेगडी, सिंक, फ्रिज. १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात तो आखला गेला. तिन्ही बाजूंची बेरीज १३ ते २६ फूट असावी असा त्याचा नियम. त्याहून जुने आणि आमच्या मते अधिक शिकवणारे उदाहरण फ्रँकफर्टचे आहे. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी कामगारांच्या घरांसाठी १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब स्वयंपाकघर आखले आणि ते सुमारे दहा हजार घरांत बसले. आज ते संग्रहालयात त्याच्या रूपासाठी पाहिले जाते. पण त्यातला पिठाचा खण ओकच्या लाकडाचा होता, कारण ओकमधल्या टॅनिनमुळे पिठाला कीड लागत नाही, आणि कापायची फळी बीचची होती. बाईंनी आधी काय साठवायचे, काय कापायचे ते पाहिले आणि मग लाकूड निवडले.

हाच प्रश्न रत्नागिरीत विचारला तर यादी अगदी वेगळी निघते. मे महिन्यात आगोटीची बेगमी भरते. तांदूळ, कांदे, मसाला, आमसुले, सांडगी मिरच्या, आणि जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते म्हणून सुके बोंबील, सोडे, सुकट. हे सगळे चकचकीत बंद ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगणारा आराखडा कोणासाठी काढला आहे? सुकी मासळी घट्ट झाकणाच्या डब्यांत मागच्या पडवीकडे जाते. ताजी मासळी साफ करायला मागच्या दाराशी मोरी लागते, बजेट कितीही आखडले तरी ती काढू नये. नारळ खवायची जागा लागते. ज्या घरांत अजून विळी-खवणीवर बसून काम होते तिथे जमीन मोकळी लागते. गणपतीत पाच-सहा बायका गोल बसून मोदक वळतात तेव्हा ते मधले बेट कुठे ढकलणार? राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे, जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटरचे आणि १.८ मीटर रुंदीचे चालते. बिल्डर बहुतेक तेवढेच देतो. त्यात समोरासमोर दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांचे ओटे काढले की मध्ये दोन फूट उरतात. फ्रिजचे दार उघडले की माणूस बाहेर. अशा ठिकाणी दुसरा ओटा एक फुटाचा करा किंवा करूच नका. न केलेल्या ओट्याइतका स्वस्त ओटा नाही.

फुकट मिळणारी आणखी एक सोय म्हणजे उंची. ओट्याची उंची कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावी. पाच फूट उंचीच्या बाईचे कोपर साधारण ३७-३८ इंचांवर येते, म्हणजे तिला ३२ इंच बरे. आपण सरसकट ३४ लिहून मोकळे होतो. मोजपट्टी घेऊन स्वयंपाक करणाऱ्या माणसाला उभे करा, आणि पैसे देणारा तोच असेल असे धरून चालू नका.

आणि मांडणी. भांड्यांची स्टीलची मांडणी आपण सगळ्यांनी घराबाहेर काढली, कारण ती आराखड्यात गावंढळ दिसते. दमट हवेत उघड्या फळ्या हेच शहाणपण आहे हे जुन्या घरांतल्या फडताळांनी आणि मांडण्यांनी ओळखले होते. हवा खेळते, ओले भांडे तिथेच वाळते, झुरळाला लपायला जागा नाही. चाकरमान्यांच्या घरांत तर हा कळीचा मुद्दा ठरतो. मे महिना संपला की घर बंद होते, ते गणपतीला उघडते. मधल्या पावसात बंद कपाटांच्या आत काय होते ते दार उघडताच नाकाला कळते. अशा घराला वरची कपाटे विकू नका. उघड्या फळ्या, जाळीची दारे, एखादे फणसाच्या लाकडाचे फडताळ. दिसायला ते सुंदरच दिसेल, फक्त ते सुंदर आहे हे आपल्याला आधी पटायला हवे. तुमच्या बिलाचा आकडा यात कमी होतो, ही गोष्ट आम्ही नजरेआड करत नाही. तो डिझाइनच्या शुल्कात उघडपणे घ्या.

सिलिंडरबद्दल थोडक्यात, पण ठासून. १४.२ किलोचा सिलिंडर सुंदर शटरमागे लपवताना त्या कपाटाला खालच्या बाजूला हवेची जाळी ठेवायलाच हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. वर जाळी देऊन समाधान मानणारी कामे आजही होतात. चिमणीचा पाइप नैर्ऋत्येकडे काढू नका, काढावाच लागला तर झडपेशिवाय काढू नका, नाहीतर पावसाळी वारा तळणीचा वास आणि पाणी दोन्ही घरात परत आणतो.

राहता राहिले अंदाजपत्रक. आमची सूचना अशी की ते दोन टप्प्यांत लिहावे. पहिल्या टप्प्यात ओटा, त्याखालचे सगळे, सिंक, नळ, विजेचे बिंदू, मोरी. दुसऱ्यात वरची कपाटे, काच, दिवे, मुठी. ग्राहकाचे पैसे पहिल्या टप्प्यातच संपले तर तिथे थांबता येते आणि घर चालते. उलट क्रमाने संपले तर चालत नाही. विजेचे बिंदू मात्र दुसऱ्या टप्प्याचेही आताच टाकून घ्यावेत. नंतर भिंत फोडण्याचा खर्च कोणाच्याच हिशेबात नसतो. प्रत्येक ओळीपुढे साहित्याचा मानक क्रमांक किंवा ग्रेड, जाडी आणि काम कोणाचे ते लिहावे. शेवटची ओळ पहिल्या पावसाळ्यानंतरच्या फेरीची असावी. ऑक्टोबरमध्ये सुताराने येऊन बिजागऱ्या आवळायच्या, फुगलेली शटर रंधायची, सिंकखालचे सिलिकॉन तपासायचे. ही फेरी मोफत देऊ नका, मोफत दिलेली फेरी होत नाही. तिचे पैसे सुरुवातीलाच घ्या, आणि तारीखही तिथेच लिहा.