गोळी लिहून दिली, पण सांगितलं कोणी?

सोरायसिसची पोटात घ्यायची गोळी सुरू झाली की पहिल्याच महिन्यात ती बंद करणारे पेशंट आपल्याकडे भरपूर आहेत. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "सहन होत नव्हती हो." डॉक्टर म्हणतात पेशंट नीट औषध घेत नाहीत. पेशंट म्हणतात औषध उष्ण पडलं. माझं मत वेगळं आहे. बऱ्याच वेळा गोळी सहन न होण्यापेक्षा, गोळी घेतल्यावर काय होणार हे न सांगितल्यामुळे माणूस ती सोडतो. आणि हा पेशंटचा दोष नाही, हा आपल्या व्यवस्थेचा दोष आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी थोडं आजाराबद्दल. सोरायसिस हा संसर्गजन्य नाही. हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने तो होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरते, त्वचेच्या पेशी प्रमाणाबाहेर वेगाने तयार होतात आणि लाल चट्ट्यांवर पांढरे खवले धरतात. काहींचे सांधेही धरतात. भारतात साधारण ०.४४ ते २.८ टक्के लोकांना तो असावा असा अंदाज मांडला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २०१४ साली सोरायसिसवर खास ठराव केला, तेव्हा समाजातली हेटाळणी हाही या आजाराचाच भाग आहे हे जगाने मान्य केलं. आपल्या गावात मात्र लग्न जमवताना तो अजून लपवला जातो.

मलमाने भागेनासं झालं की डॉक्टर गोळी देतात. आपल्याकडे दोन गोळ्या जास्त चालतात, मेथोट्रेक्सेट आणि अप्रेमिलास्ट. दोन्हींची तऱ्हा वेगळी, त्रासही वेगळे. पण एक गोष्ट सारखी आहे, आणि ती प्रत्येक पेशंटला पहिल्या दिवशीच सांगायला हवी: त्रास पहिल्या पंधरवड्यात येतो, गुण दीड-दोन महिन्यांनी दिसायला लागतो. पूर्ण फरक पडायला तीन-चार महिने जातात. ज्याला हे माहीत नाही तो दहाव्या दिवशी काय बघतो? चट्टे जसेच्या तसे, आणि वर मळमळ. मग तो गोळी सोडणार नाही तर काय करणार?

अप्रेमिलास्टचं बघा. ही गोळी एकदम पूर्ण डोसने सुरू करत नाहीत. पहिल्या दिवशी १० मिलिग्रॅम, मग रोज थोडी थोडी वाढवत सहाव्या दिवसापासून ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. पोटाला सवय व्हावी म्हणूनच ही चढण. तरीही जुलाब, मळमळ, डोकेदुखी बऱ्याच जणांना होते. बहुतेकांना ती पहिल्या दोन आठवड्यांत होते आणि महिन्याभरात ओसरते. तोपर्यंत साधे उपाय: एकदम पोटभर न जेवता थोडं थोडं खा. मऊ भात, मुगाचं वरण, ताक. तेलकट-तिखट आणि सारखा चहा जरा बाजूला ठेवा. जुलाब झाले तर ओआरएस घ्या. घरातल्या वयस्कर माणसाला, विशेषतः बीपीसाठी लघवी होणारी गोळी चालू असेल तर, अंगातलं पाणी कमी होऊन चक्कर येऊ शकते, तेव्हा वाट बघत बसू नका. आणि मन उदास राहायला लागलं, झोप उडाली, जगण्यात रस वाटेना, किंवा वजन भराभर उतरलं, तर डॉक्टरला लगेच सांगा. हा या गोळीचा नोंदलेला दुष्परिणाम आहे, तुमचा कमकुवतपणा नाही. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर ही गोळी नीट कामच करत नाही, तेही आधी सांगायला हवं.

आता मेथोट्रेक्सेट. जुनं, स्वस्त आणि चांगलं औषध. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात जी फॉलिक अॅसिडविरोधी औषधं तयार झाली, त्यातलंच हे एक. सोरायसिसवर ते सत्तरच्या दशकापासून रीतसर वापरलं जातं. पण या गोळीचा एक नियम जिवाशी गाठ घालणारा आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावल्याच्या नोंदी जगभर आहेत, भारतातही आहेत. रक्तपेशी तयार होणं थांबतं, तोंड आतून सोलवटतं, जंतुसंसर्ग होतो.

ही चूक होते कशी? आपल्याला प्रत्येक गोळी रोज घ्यायची सवय. चिठ्ठी इंग्रजीत, तीही घाईघाईच्या अक्षरात. सोबत फॉलिक अॅसिडची गोळी दिलेली असते, तीही बरेचदा पिवळी आणि हीही पिवळसर. आजीला कोणती सोमवारची आणि कोणती इतर दिवसांची हे कसं कळावं? युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये याच चुकीसाठी खोक्यावर ठळक इशारा, पेशंटसाठी कार्ड आणि वार ठरवून लिहिण्याची पद्धत सुचवली. शिकलेल्या युरोपात ही गरज पडते, मग आपल्याकडे नाही पडणार?

माझी सूचना अगदी गावठी आहे. वार ठरवताना गावचा आठवडी बाजार धरा. बाजाराच्या रात्री जेवून गोळी. तो वार कोणी विसरत नाही. उपवासाचा वार मात्र टाळा, रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते. रात्री घेतली की मळमळीचा बराच वेळ झोपेत निघून जातो. दुसऱ्या दिवशी अंग जड वाटतं, कामात लक्ष लागत नाही, म्हणून जमलं तर दुसऱ्या दिवशी जड काम नसेल असा वार निवडा. फॉलिक अॅसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी न चुकता घ्या, त्याने मळमळ आणि तोंडातले फोड कमी होतात. मळमळ तरीही थांबत नसेल तर डोस विभागून देणं किंवा इंजेक्शनवर जाणं असे मार्ग डॉक्टरांकडे असतात. पण ते तुम्ही सांगितलंत तरच निघतात. गुपचूप गोळी सोडून दिलीत तर काहीच निघत नाही.

दारूबद्दल स्पष्ट बोलतो. ही गोळी आणि दारू दोन्हींचा भार यकृतावरच पडतो. "आठवड्यातून एकच तर घेतो" हे वाक्य गोळीला लागू आहे, पेगला नाही. अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका. लघवीच्या जळजळीला सर्रास दिली जाणारी सल्फा-ट्रायमेथोप्रिमची गोळी तर याच्यासोबत घातकच, म्हणून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी "मी मेथोट्रेक्सेटवर आहे" हे पहिलं वाक्य. बाईला मूल हवं असेल तर आधी बोला, कारण या औषधाने गर्भात व्यंग येऊ शकतं. पुरुषांनीही बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी विचारावं.

आणि घरी बसून सहन करायचं नाही असे त्रास कोणते? ताप, घसा खूप दुखणं, तोंडात फोड, अंगावर निळे-काळे डाग किंवा रक्त येणं, डोळे पिवळे होणं, कोरडा खोकला आणि दम लागणं. यातलं काहीही झालं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना. साधी मळमळ आणि हे, यातला फरक कळणं म्हणजेच औषध सांभाळणं.

रक्ततपासण्या हा अनेकांचा रागाचा विषय. "पैसे काढायचा धंदा" असं सर्रास बोललं जातं. इथे मी डॉक्टरांच्या बाजूने आहे. यकृत, मूत्रपिंड आणि रक्तपेशी बिघडतात तेव्हा सुरुवातीला माणसाला काहीच जाणवत नाही, रिपोर्टमध्येच दिसतं. तपासणी म्हणजे या गोळीचा ब्रेक आहे. पण मजुरी बुडवून तालुक्याला जाणाऱ्या बाईला तो ब्रेक परवडत नाही, हेही तितकंच खरं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. ही माहिती गोळी लिहून देणाऱ्यानेच द्यायला नको का?

इथे कोणी म्हणेल, ओपीडीत दोनशे पेशंट, डॉक्टर कुठे एवढं समजावत बसणार? मान्य. सरकारी डॉक्टरच्या वेळेची ओढाताण मी रोज बघतो. पण म्हणूनच हे काम डॉक्टरच्या एकट्याच्या जिभेवर सोडायचं नसतं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार औषध देताना पेशंटला डोस, सूचना आणि दुष्परिणाम समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम आहे. आपल्या मेडिकलवाल्याने असं कधी सांगितल्याचं आठवतंय? बहुतेक ठिकाणी गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून पुडीत घालतात, खोक्यावरचा इशारा दुकानातच राहतो. आणि या पोकळीत कोण शिरतं? "सात दिवसांत मुळापासून" म्हणणारा पुडीवाला. त्याच्या पुडीत स्टिरॉइड असलं तर आठ दिवसांत चट्टे जातातही. मग पुडी थांबली की सोरायसिस दुपटीने उसळतो, कधी अंगभर पू भरलेले फोड येतात. म्हणजे खरं औषध सुरुवातीला त्रास देऊन मग गुण देतं, आणि फसवं औषध आधी गुण दाखवून मग घात करतं. हे ज्याला कोणी सांगितलेलंच नाही, तो कुणावर विश्वास ठेवणार?

तेव्हा मागण्या साध्या आहेत. एक, मेथोट्रेक्सेटच्या चिठ्ठीवर आणि पुडीवर मराठीत "आठवड्यातून एकदाच" आणि वाराचं नाव, ठळक अक्षरात. दोन, गोळी सुरू करताना एका पानाची मराठी चिठ्ठी: काय होईल, किती दिवस होईल, कशाला घाबरायचं नाही, कशाला लगेच यायचं. याला फार पैसा लागत नाही, छपाईचा खर्च आणि थोडी इच्छा. तीन, सुरू केल्यावर दुसऱ्या आठवड्यात एक फोन. सिस्टर करू शकतात, फार्मासिस्ट करू शकतो.

आपल्या बाजूनेही एक काम आहे. औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या मोफत नंबरवर पेशंट स्वतः नोंद करू शकतो. हा देशाच्या औषध-दुष्परिणाम नोंदणी कार्यक्रमाचा नंबर आहे. आपण नोंदवत नाही म्हणून कागदावर त्रास कमी दिसतो, आणि कागदावर कमी दिसतो म्हणून कोणी हलत नाही.

घरात, शेजारी, ऑफिसात कोणाला ही गोळी नुकतीच सुरू झाली असेल तर त्यांना ही पोस्ट वाचून दाखवा. डोस बदलायचा, गोळी थांबवायची की चालू ठेवायची हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण पहिल्या महिन्यात काय वाट्याला येणार हे कळणं, हा प्रत्येक पेशंटचा हक्क आहे. तो मागायला लाजू नका.