जुनं ते सोनंच असतं का?

जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मी नक्षीदार पितळी बधना पाहिला. दुकानदार नक्षी दाखवत होता, मी तोटी पाहत होतो. तोटीचं तोंड भांड्याच्या गळ्यापेक्षा खाली होतं, म्हणजे पुरा भरण्याआधीच पाणी सांडणार. आमच्या दादीचा कल्हईचा बधना अगदी साधा होता. पण त्याची धार बारीक, एका बधन्यात वजू व्हायचा. आत हात घालून घासताही यायचा. माझ्या मते चांगला तोच.

हीच कसोटी घेऊन मणिबेलीकडे पाहा. १९९३ साली सरदार सरोवराचं पाणी या गावात शिरलं. तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होतं, आज नंदुरबारमध्ये आहे. जवळचं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ बुडालं, त्याची लोकांना हळहळ वाटली. ती रास्तच होती. पण आदिवासींची लाकूड-बांबूची घरं? त्यांचा एखादा खांब कुजला तर तेवढाच बदलता येतो. घर सोडवून दुसरीकडे उभं करता येतं. शेणामातीने लिंपलेली बांबूची कणगी धान्य सांभाळते, फाटली तर घरीच विणता येते. यांना 'अँटिक' कुणी म्हणत नाही, कारण त्यांच्यावर नक्षी नाही आणि त्या दुकानात टिकत नाहीत.

वय आणि नक्षी पाहून आपण किंमत ठरवतो, म्हणून काय गमावलं हेही आपल्याला कळत नाही. जुनी वस्तू घेताना एवढंच विचारा: ही वापरणाऱ्याचा हात ओळखते का?