विश्लेषण : खेळातून शिक्षणाचे धोरण ठरले, मुलांवर लक्ष ठेवणारे डोळे मात्र अपुरेच

नवी दिल्ली : तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सांभाळणाऱ्या शिक्षिकेकडून किंवा अंगणवाडी सेविकेकडून शासनाच्या सध्या दोन अपेक्षा आहेत. मुलांना मोकळेपणी खेळू द्यावे, कारण या वयात खेळ हेच शिक्षण आहे, ही पहिली. आणि मूल क्षणभरही नजरेआड होऊ देऊ नये, ही दुसरी. दोन्ही रास्त आहेत. पहिलीचा पाठपुरावा अभ्यासक्रम आखणारी यंत्रणा करते, तर दुसरीचा पाठपुरावा एखादी दुर्घटना घडल्यानंतर निघणारी परिपत्रके करतात. वर्गखोलीत मात्र त्या एकाच बाईला, एकाच वेळी पार पाडाव्या लागतात. त्यासाठी किती माणसे लागतील, या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी बगल दिली जाते.

खेळाच्या बाजूने धोरणाची दिशा आता निःसंदिग्ध आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ मानला. ऑक्टोबर २०२२ मध्ये या स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा जाहीर झाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळणी, कोडी, चित्रपत्रे व गोष्टींची पुस्तके असलेला ‘जादुई पिटारा’ आला. त्याच वर्षी मे महिन्यात महिला व बालविकास मंत्रालयाने ‘पोषण भी, पढाई भी’ हा उपक्रम सुरू करून अंगणवाडीत दररोज किमान दोन तास पूर्वप्राथमिक शिक्षण व्हावे, असे ठरविले.

यातील विचार या देशाला नवा नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे ठाणे जिल्ह्याच्या तत्कालीन आदिवासी पट्ट्यात, बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने बालशिक्षण झोपडीच्या अंगणापर्यंत नेले. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच कामातून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तो शब्द देशभर गेला. मात्र त्यामागची शिक्षणदृष्टी त्याच वेगाने गेली नाही. योजनेच्या सहा सेवांपैकी पूरक आहार आणि लसीकरण यांची मोजदाद होत राहिली, पूर्वप्राथमिक शिक्षण मागे पडले.

नव्या आराखड्यात खेळाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मुक्त खेळात मूल स्वतः ठरविते, मार्गदर्शित खेळात शिक्षिका सोबत असते आणि नियोजित खेळ ती घडवून आणते. मुक्त खेळाच्या वेळी शिक्षिकेला विश्रांती असते, असा एक सर्रास समज आहे. प्रत्यक्षात तिची खरी कसोटी तेव्हाच लागते. कोणते मूल एकटे बसले आहे, कोणते आज नेहमीसारखे हसत नाही, कोण बाहुलीला मारते आहे, कोण ठरावीक माणूस जवळ आला की अंग चोरते, हे तिने त्याच वेळी टिपायचे असते. शिक्षणशास्त्र ज्याला निरीक्षण म्हणते, तेच बालसंरक्षणाचे पहिले साधन आहे. ‘खेळ की सुरक्षा’ हा वाद त्यामुळे मुळातच चुकीच्या जागी उभा आहे.

दुर्घटनेनंतर व्यवस्था कशी विचार करते, हे बदलापूरच्या घटनेने दाखवून दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेच्या बालवर्गातील दोन मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली. आरोप कंत्राटी सफाई कामगारावर होता. तक्रार नोंदविण्यास झालेल्या विलंबाविरुद्ध २० ऑगस्टला नागरिक रेल्वेमार्गावर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. महाराष्ट्र शासनाने दुसऱ्याच दिवशी निर्णय काढून शाळांत महिनाभराच्या आत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पूर्वपडताळणी, तक्रारपेटी, ‘सखी सावित्री’ समिती आणि गैरप्रकाराची माहिती २४ तासांच्या आत वरिष्ठांना देणे अशी बंधने घातली.

यांपैकी कर्मचाऱ्यांची पडताळणी आणि कळविण्याची मुदत ही खरी कामाची कलमे. कळविण्याचे बंधन तर आधीपासूनच होते. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती असणाऱ्या कोणाही व्यक्तीने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. न देणाऱ्यास कलम २१ मध्ये शिक्षा आहे आणि संस्थाप्रमुखाला ती अधिक कडक आहे. तक्रारपेटीचे काय करायचे, हा प्रश्न मात्र उरतो. चार वर्षांच्या मुलाला लिहिता येत नाही. ते बोलून, चित्रातून किंवा खेळातून सांगते, आणि तेही ऐकणारे कोणी असेल तरच. दिवसभर हाताची घडी, तोंडावर बोट घेऊन बसविलेल्या वर्गात ही वाटच बंद होते. शरीराच्या अवयवांची नावे गाण्यांतून शिकणे, ‘नको’ म्हणण्याचा सराव खोट्या-खोट्या घरातल्या खेळात करणे, हे बालवाडीचे नेहमीचेच उपक्रम आहेत. त्यांची गणना सुरक्षेच्या उपायांत होत नाही, एवढेच.

सीसीटीव्हीची मर्यादाही अशीच आहे. घडून गेलेल्या गोष्टीचा पुरावा तो देऊ शकतो; घडणारी गोष्ट थांबविण्यासाठी पडद्यासमोर कोणीतरी बसलेले असावे लागते. शिवाय स्वच्छतागृहात कॅमेरा नसतो आणि नसावाही. या वयाच्या मुलांना सर्वाधिक मदत लागते ती नेमकी तिथेच.

राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरण २०१३ ने तीन ते सहा वयोगटासाठी २० मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती आणि तीन वर्षांखालील मुलांसाठी १० मागे एक असे प्रमाण ठरविले होते. तीस मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली आणि बाहेर किमान ३० चौरस मीटर मोकळी जागा, हाही त्याच धोरणाचा निकष. देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत आणि सर्वसाधारण अंगणवाडीत एक सेविका व एक मदतनीस असते. कागदावर दोन प्रौढ, म्हणजे तीस मुलांनाही प्रमाण पाळले गेले. प्रत्यक्षात मदतनीस खिचडीपाशी असते. एका मुलाला स्वच्छतागृहात नेण्यासाठी सेविका उठली, तर उरलेल्या २९ मुलांपाशी कोण थांबणार? ती उठली नाही, तर ते मूल एकटे जाते. बालसुरक्षेचे बहुतेक प्रश्न या साध्या हिशेबापाशी येऊन थांबतात.

शिजविण्याची जागाही यात येते. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले मृत्युमुखी पडली. आगीची सुरुवात स्वयंपाकघराच्या गवती छपरापासून झाली होती. या प्रकरणाच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. तरीही एकाच खोलीत शेगडी, धान्याची पोती आणि मुलांची सतरंजी असे चित्र पाहायला मिळते. राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे २५ जुलै २०२५ रोजी शाळेची इमारत कोसळून सात मुलांचा मृत्यू झाला. त्यानंतर केंद्राने राज्यांना शाळांसह मुलांच्या वापरातील सर्व वास्तूंची सुरक्षा तपासणी करण्यास सांगितले.

खेळण्यांबाबत नियम त्या मानाने स्पष्ट आहेत. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या व भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. चन्नपट्टणची लाखकाम केलेली लाकडी खेळणी हे त्याचे परिचित उदाहरण. पण अंगणवाडीतील बरेचसे साहित्य बाजारातून येतच नाही. टाकाऊतून टिकाऊ हा तिथला शिरस्ता. बाटल्यांची झाकणे, मणी, चिंचोके, सागरगोटे. पाच वर्षांच्या मुलासाठी चिंचोके हे मोजणी शिकण्याचे उत्तम साधन. त्याच खोलीत बहिणीबरोबर आलेल्या दीड वर्षाच्या भावाच्या श्वासनलिकेत तोच चिंचोका अडकू शकतो. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील सुटे भाग तपासताना प्रयोगशाळा ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तीत पूर्ण मावणारी वस्तू धोक्याची समजली जाते. अशी नळी करायला खर्च येत नाही, पण तिची माहिती सेविकेपर्यंत पोचविण्यासाठी प्रशिक्षणात वेळ काढावा लागतो. शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचविला होता. ‘पोषण भी, पढाई भी’च्या पहिल्या फेरीतील प्रशिक्षण तीन दिवसांचे आहे.

खासगी क्षेत्राची स्थिती वेगळी असली, तरी दिलासा देणारी नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खासगी प्ले-स्कूलसाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या. तीन वर्षांखालील मुलांना प्रवेश नको, दिवस तीन ते चार तासांचाच असावा, २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक काळजीवाहक असावी, असे त्यांत म्हटले आहे. मात्र या सूचना आहेत, कायदा नव्हे. त्या लागू करायच्या की नाही, हे राज्यांवर आहे. गल्लीतील सदनिकेत किंवा दुकानाच्या गाळ्यात बालवर्ग उघडता येतो, तो याच सैलपणामुळे. तेथे खेळाला जागा नसते आणि पालकांना गृहपाठाची वही हवी असते. चार वर्षांची मुले मग बाकावर बसून अक्षरे गिरवितात. पडणे-झडणे टळते, म्हणून हेच सुरक्षित, असा युक्तिवादही केला जातो. अपघातानंतर घसरगुंडी काढून टाकणारी शाळा हाच युक्तिवाद वापरते. खाली वाळूचा थर टाकणे आणि एक बाई तिथे उभी करणे, हा दुसरा उपाय अधिक खर्चाचा पडतो.

खर्चाचा विषय शेवटी मानधनापर्यंत जातो. केंद्राच्या निकषानुसार सेविकेचे मासिक मानधन ४,५०० रुपये आणि मदतनिसाचे २,२५० रुपये आहे. हे दर ऑक्टोबर २०१८ पासूनचे आहेत. राज्ये त्यात आपापली भर घालतात आणि ती राज्यागणिक बदलते. या रकमेत शिक्षिका, आरोग्यसेविका, मोबाइल ॲपवर नोंदी करणारी कर्मचारी आणि आता बालसंरक्षणाची पहिली पहारेकरी अशा भूमिका अपेक्षित आहेत. ‘पोषण ट्रॅकर’वर नोंद राहिली, तर वरून विचारणा होते. मुक्त खेळाच्या वेळी तिचे डोळे मुलांवर होते की भ्रमणध्वनीवर, हे कोणी विचारत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात ग्रॅच्युइटीचा कायदा त्यांना लागू असल्याचा निर्णय दिला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ चा उल्लेख करून अंगणवाडी केंद्रे वैधानिक कर्तव्य बजावतात, असेही न्यायालयाने म्हटले आणि त्यांच्या सेवाशर्ती सुधारण्याचा विचार सरकारांनी करावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन ‘करू शकेल’, अशी त्या कलमाची भाषा आहे. ‘करील’ अशी नाही. २००९ पासून तिच्यात बदल झालेला नाही. सर्व मुलांपर्यंत दर्जेदार पूर्वप्राथमिक शिक्षण पोचविण्यासाठी शैक्षणिक धोरणाने घातलेली मुदत २०३० ची आहे.